टक्

परभणीत त्या पहाटे थंडी किती होती
यावर अजून एकमत नाही.
विद्यापीठ म्हणतं सहा, काबराशेठ म्हणतात चार,
त्यांचा थर्मामीटर खताच्या कंपनीनं फुकट दिलेला.

मी ओम्नीत बसलो, किल्ली फिरवली.
टक्.
पुन्हा फिरवली. तेच, पण हळू,
जसं आतून कुणी म्हणावं, ऐकलं हो.

मागं चष्म्याच्या दोनशे फ्रेमा, भिंगांची पेटी,
गुंडाळलेला अक्षरांचा तक्ता,
आणि बोरीला ग्रामपंचायतीच्या पडवीत
नऊपासून माणसं बसणार.

काबराशेठ मफलर बांधून आले,
दूध घालायला आलेल्या पुंजारामनं कॅन खाली ठेवला.
दुसऱ्या गिअरात क्लच सोडला तेव्हा
पुंजारामची एक चप्पल नालीत गेली
आणि गाडी धुरातून उठली.
मागं वळून बघायची, थांबायची सोय नव्हती.
तसाच जिंतूर रोडला, मुनीर मिस्त्रीच्या दारात.

मुनीरनं सीट वर केली.
टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी,
खारं फुटलेल्या भिंतीवर असते तशी.
शेजारच्या हॉटेलातनं चहाचं आधण मागून त्यानं ती धुतली,
मीटरचे चिमटे लावले.
काटा उठला आणि बसला.
"लाईट पिवळी पडून किती दिस झाले?"
मी म्हणालो, नाही, लाईट चांगली आहे.
तो हसला नाही.

माझ्यासमोर बसणारे सगळे हेच म्हणतात.
नीट दिसतं हो, सुनेनंच धरून आणलं.
फक्त दोरा ओवत नाही.
फक्त एस्टीची पाटी.
फक्त तांदळातले खडे.
तीस वर्षं मी हे ऐकून
मान डोलावत भिंग बदलत आलोय.

"थंडीनं मेली," मी म्हणालो.
"थंडीत मेली," मुनीर म्हणाला, "मारलं मे महिन्यानं.
चव्वेचाळीसमधी आतलं पाणी आटतं, पट्ट्या भाजतात.
तवा ती बोलत नाही.
डिसेंबरात हिशोब देती."

फळीवर तीन.
एक जुनीच, आतून नवी केलेली, सोळाशे रुपये,
तिच्याबद्दल मुनीर फक्त म्हणाला, "घेऊ नका."
एक बंद डब्याची, पाच वर्षांची हमी,
पाणी घालायचं नाही, झाकण उघडायचं नाही,
आत काय चाललंय ते विचारायचं नाही.
एक साधी, सहा बुचांची, दोन वर्षांची.

पाच वर्षं.
ओम्नीचं पासिंगच उरलंय एकवीस महिने.
माझं अठ्ठावन्न चालू आहे.
मी हमीचं कार्ड दोनदा वाचलं, चष्मा वर करून, खाली करून.
"सर," मुनीर म्हणाला,
"वारंटी बॅटरीची हाय, आपली नाही. कामून इतकं वाचायलाव?"

मी सहा बुचांची घेतली.
पाणी आपल्या हातानं घालावं, बूच उघडून वाकून बघावं,
मेमध्ये तरी दर पंधरा दिवसांनी.
एवढं तरी आता करायचं, असं ठरवून.
(याआधीही ठरवलं होतं.)
तारीख बघितली तिच्यावरची, दीड महिन्याची ताजी,
पस्तीस अँपियर, कंपनीनं सांगितलं तेवढंच.
मुनीरनं टर्मिनलला व्हॅसलीन लावलं,
पोराच्या ओठांना लावावं तसं.

जुनी वजनावर गेली. सातशे रुपये.
उचलताना वाटलं,
मेलेलं एवढं जड कसं.

बोरीला पोचलो अकराला. कुणी उठून गेलं नव्हतं.
गयाबाईंनी सुई धरली, दोरा ओवला,
मग माझ्याकडं बघून म्हणाल्या,
"मास्तर, तुमी लई पिकलाव की हो."

परतताना अंधार पडला. दिवे लावले.
रस्ता इतका पांढरा, की मी ब्रेक दाबला.
मैलाच्या दगडावरचा आकडा, बाभळीचा काटा न काटा,
दूर एका कुत्र्याचे हिरवे डोळे.
हॉर्न वाजवून बघितला, उगीच,
आणि स्वतःच दचकलो.

घरी आलो तर टेपवरचं घड्याळ बारा शून्य शून्य दाखवत लुकलुकत होतं.
लावलं नाही अजून.
पुंजारामची चप्पलही आणायची राहिली आहे.
नऊ नंबर, त्यानं सांगितलाय.