पंधराशे

पुंता अरेनासला वारा उठला की
चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
तो दोर धरूनच आज इस्पितळात आले,
पिशवीत आठ केबल, चार निळ्या, चार नारिंगी,
आणि कालचा अर्धा पाव.

तळघरात दोन नवे सर्व्हर.
त्यांना स्वतःचं काहीच आठवत नाही.
त्यांच्या पोटात अकरा मशीनं राहणार,
खरी नसलेली, पण खरं काम करणारी :
एक औषधांचं, एक क्ष-किरणांच्या चित्रांचं,
एक नुसत्या जन्मांच्या नोंदींचं,
जे रात्रीच जास्त जागं असतं.
आठवायचं ते सगळं भिंतीपलीकडे,
चोवीस डिस्कच्या कोठारात.
बिऱ्हाड इथे, कणगी तिथे,
मधलं अंतर माझ्याकडे.

निळ्या केबल डाव्या स्विचमधून, नारिंगी उजव्या.
"एका दोरावर कुणी जीव टाकत नाही,"
एलेउतेरिओ म्हणतो. तो पूर्वी जहाजांवर होता.
मग सर्व्हरचं नाव कोठाराला कळवायचं,
लांबलचक, साल-महिन्यासकट, उलट्या पत्त्यासकट.
मी वाचते, तो टंकतो.
टिंब. दोन टिंबं. पुन्हा टिंब.
बाप्तिस्म्याच्या वहीत पाद्रीही
इतकं डोळ्यांत तेल घालून लिहीत नसेल.

हाक मारली. उत्तर आलं,
दोन्ही वाटांनी आलं.
डिस्क दिसली, रिकामी, पांढरीशुभ्र.
एलेउतेरिओने मातेचा पेला भरला.
जन्मांचं मशीन उचलून तिथे ठेव, मी सांगितलं.
तीन टक्के.
तीन टक्के.
पेला थंड झाला. तीन टक्के.

हाका जात होत्या, उत्तरं येत होती,
चूक कुठेच नव्हती आणि काहीच हलत नव्हतं.
केबल बदलल्या. पोर्ट बदलले.
वर वारा पत्रे बडवत होता.
साडेदहाला नेलिदा डोकावली, प्रसूतिकक्षातून :
"मुलगी झालीय एक. कागदावर लिहून ठेवू?"
ठेवा म्हटलं, आणि कान तापले.

मग एक मोठी हाक मारून पाहिली,
जवळजवळ नऊ हजारांची, मध्ये न तोडता.
परत आली नाही.
सर्व्हर नऊ हजार बोलायला तयार,
कोठार नऊ हजार ऐकायला तयार,
मधले दोन्ही स्विच मात्र पंधराशेचे,
खोक्यातून निघाले तसेच.
त्याहून मोठं काही आलं
की गुपचूप टाकून द्यायचे.
नकार नाही, तक्रार नाही.

बाबा पोर्वेनीरला असतात, सामुद्रधुनीपलीकडे.
दर रविवारी फोन. जेवलीस का.
तिकडे वारा किती. फेरी चालू आहे का.
सगळं पोचतं, इकडून तिकडे, तिकडून इकडे.
आई गेल्यावर एकदाच
मी जरा लांबलचक बोलायला लागले होते.
ते म्हणाले, आवाज तुटतोय तुझा.

एलेउतेरिओ म्हणाला, झोप लागली का?
दोन्ही स्विचवर आकडा बदलला.
चार. अकरा. अडतीस टक्के.
त्याने मुद्दाम चालू कामात निळी केबल उपसली.
लिखाण एक श्वास अडखळलं,
मग नारिंगी वाटेने निघालं.
पोराला सायकलवर सोडून
मागे उभ्या राहिलेल्या माणसासारखा तो हसला.

पावणेदोनला नेलिदाने कागद आणला.
वजन तीन किलो दोनशे. आईचं नाव सोलेदाद.
मुलीचं नाव अजून ठरलेलं नाही.
ती जागा मोकळी ठेवून मी नोंद साठवली,
आणि साठली की नाही ते
दोनदा उघडून पाहिलं.

बाहेर दोर ताणलेला, हात बधिर.
समोरून एक म्हातारा त्याच दोराने येत होता.
आमच्यातल्या एकाला हात सोडावाच लागणार होता.
तो काहीतरी बोलला, बरंच काही,
वाऱ्यात अर्धंच आलं.
मी थांबले.
पुन्हा सांगा म्हटलं.