मुदतवाढीची टिपणी

साहेब, नस्ती सादर आहे.
विषय: श्री. हिराजी पोशा वैती, यंत्र-सहायक,
भरतीमापन केंद्र, जुना धक्का, मुंबई.
येत्या एकतीस तारखेला साठ पूर्ण.
प्रस्ताव एक वर्षाचा. जमलं तर दोन.

बदली माणूस मागावा, तर खात्यात
भरती बंद आहे आठ वर्षं.
धक्क्यावर मात्र ती रोज दोनदा होते
आणि कुणीतरी मोजावी लागते.

नमुन्यात शिक्षणाला एक ओळ, तिथे 'नववी' लिहिलं.
'विशेष कौशल्य' ह्याला दीड ओळ.

गेल्या आश्विनात नव्या सेन्सरचे आकडे
इतके सुरेख येत होते की मुख्यालयाची शाबासकी आली.
वैती तेवढा म्हणाला, "अष्टमीला ठीक, भांगाचंच पाणी ते.
पण पुनवेलाही एवढं शहाणं?
उधाण असं वागत नाय."
विहिरीच्या नळाला कान लावून बसला.
खाली तोंडाशी कालवं धरली होती.
समुद्र आत येत होता,
पण रेशनच्या रांगेतून आल्यासारखा.
अकरा दिवसांची नोंद लाल शाईने रद्द केली.
शाबासकी कुणी परत मागितली नाही.

हे दीड ओळीत बसवून पाहिलं:
'नळाचा आवाज ओळखतो.'
खोडलं. लेखापरीक्षणात टिकायचं नाही.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तुम्हीच विचाराल.
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डाव्याचा पिकतोय.
धक्क्याच्या पायऱ्या अठ्ठावीस, शेवटच्या सात शेवाळाच्या.
मार्चात त्याने तीनाचा आठ वाचला.
चूक धरली रेहाना मुकादमने,
रत्नागिरीची, एम.एस्सी., अकरा महिन्यांच्या कंत्राटावर.
बोलली काही नाही. आकड्याखाली
शिसपेन्सिलीने एक टिंब ठेवलं
आणि डबा उघडला.
वैतीने टिंब पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
मग तिच्या डब्यातला सुका बोंबील उचलला,
म्हणाला, "तुझी आई मीठ कमी घालते."
त्या दिवसापासून वाचते ती,
ऐकतो तो.
ही व्यवस्था कुठल्याच परिपत्रकात नाही.

मी त्याला विचारलं, तुमचं काय मागणं असेल ते सांगा,
वेतननिश्चिती, रजेचे पैसे, जे काय असेल ते.
म्हणाला, "एक स्टूल द्या. पाठ असलेलं."
पाठ आली की ती खुर्ची होते, साहेब,
आणि खुर्ची त्याच्या श्रेणीला अनुज्ञेय नाही.
परिशिष्ट तीन, मी स्वतः पाहिलं.
छत्तीस वर्षं हा माणूस विहिरीच्या काठावर बसलाय.

सबब विनंती:
मुदतवाढ द्यावी. रात्रपाळी काढावी.
शेवटच्या सात पायऱ्यांना धरायला काहीतरी लावावं,
निदान दोर.
रेहानाचं कंत्राट त्याच्या मुदतीला जोडून घ्यावं,
म्हणजे तो शिकवत असताना
ती दुसरीकडे मुलाखती देत फिरणार नाही.
आणि स्टूल.
'किरकोळ लोखंडी सामान' ह्या शीर्षाखाली बसेल,
पाठीचा उल्लेख टाळला तर.

टिपणीत वैयक्तिक लिहू नये असा दंडक आहे.
तरी, माझेही सात महिने उरलेत.
कुठल्या कपाटाचं दार
उचलून धरल्याशिवाय उघडत नाही,
हे आजवर मला कुणी विचारलेलं नाही.
असो. ही ओळ हवी तर खोडावी.

आज चतुर्दशी.
सव्वाअकराच्या सुमारास पाणी चढून थांबेल.
सही त्याआधी झाली तर शिपायाबरोबर कळवतो.
नाही झाली तरी
तो आत्ता नळापाशी उकिडवा बसलाच आहे,
आणि ती बाजूला, वही उघडून,
तो मान हलवायची वाट बघत.

मान्यतेस्तव सादर.