रानचुक्याची वेणी

फेब्रुवारीत चर्चच्या अंगणात जाळ पेटवला त्यांनी.
नवी जोडपी हातात हात घालून वरून उड्या मारत होती.
मलाही कुणी पुढे ढकललं:
"मार उडी, सिरवार्द, थंडी राखेत पडते!"
मी घागऱ्याचा घोळ आवरला
आणि तशीच उभी राहिले.
माझी चूल डोंगरापलीकडे राहिली आहे.
निघताना तिच्यावर पाणी ओतलं होतं की नाही,
ते अजून आठवत नाही.

मार्चमध्ये बर्फ विटक्या चादरीसारखं विरलं.
जिथे फाटलं तिथून काळी माती दिसली,
आणि मातीतून काहीतरी, केसाएवढं, हिरवं.
मी सुरी घेतली, एप्रनची ओटी बांधली,
पण ह्या डोंगराची मला ओळख नाही.
कुठल्या उतारावर ऊन आधी टेकतं,
कुठल्या दगडाआड ओल टिकते,
काही माहीत नाही.

तिकडे डोळे मिटून सापडायचं सगळं.
गिरणीमागे आग्या, ओढ्याला रानलसूण,
बेकोच्या पडक्या कुंपणाशी रानशेपू.
कबरींजवळचं मात्र कधी खुडायचं नाही,
आई म्हणायची, ते त्यांचं.
इथे माझं कुणी पुरलेलं नाही.
कुठेही खुडता येतं.

शेजारची हायकानुश काठी टेकत मागून आली.
"मुळाला धक्का नको, बये,
त्याला पुढच्या वर्षी परत यायचंय."
मला हे ती शिकवणार!
मग एका लवदार पाल्यापाशी दोघी अडलो.
मी म्हटलं, हा कोकरूकान.
ती म्हणाली, छे, ही मेंढीजीभ,
माझ्या सासूची सासूसुद्धा हेच म्हणायची.
दहा मिनिटं भांडलो कमरेवर हात ठेवून.
पाल्यानं दोन्ही नावांना मान डोलावली.
वारा होता.

झावळ्यांच्या रविवारी इथे झावळ्या कुठल्या?
वाळुंजाच्या डहाळ्या, राखाडी लवेच्या कळ्यांच्या,
पाद्रीबाबांनी पाणी शिंपडून वाटल्या.
एक मी दाराच्या चौकटीत खोचली.
त्याच दुपारी कणीक मळली,
पाला बारीक चिरला, मीठ, थोडं तेल,
पोळीच्या पोटात दाबून भरला
आणि कडा चिमटीनं मिटवल्या.
आईची पोळी वीस पाल्यांची.
मी मोजले: अकरा.
हायकानुशनं तीन खाल्ल्या, बोटं चाटली.
मी एकच खाल्ली.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते ना सारखी,
तशी ती त्या नऊ चवींपाशी जात राहिली.

मे लागला तसा उतारभर रानचुका.
नातीला घेऊन दोन पोती आणला.
ओसरीवर मांडी घालून मी वेणी घालायला बसले,
तीन पेड, मध्येच नवं पान, पुन्हा तीन पेड.
अर्पिनेनं एक पान चावलं आणि थुंकलं.
"कडू आहे!"
असतोच गं ताजा.
महिनाभर सावलीत टांगला की उतरतो कडवटपणा.
कुठे जातो, ते मला विचारू नकोस.

आमच्याकडे वेणी घरातल्या धाकट्या पोरीएवढी करायची.
तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं.
तिकडची शेवटची वेणी तिच्या खांद्याला लागायची.
ती स्वयंपाकघरातल्या खिळ्यालाच राहिली,
पुरती वाळलीही नव्हती.
आज मी डोक्यापर्यंत आणली,
तरी चार बोटं कमी पडली.
"टाचा टेक," म्हटलं.
"टेकल्यात, आजी."
पुन्हा पोत्यात हात घातला.

भाड्याचं घर. खिळा ठोकायचा तर विचारायला हवं,
आणि मालक गेलाय शहरात.
तोवर खिडकीच्या कडीला अडकवली आहे.
रात्री वारा सुटला की काचेवर टकटक होते.
अर्पिने दोनदा उठून
दार उघडून बघून आली.