तिसऱ्या दिवशीचं दार

नैरोबीच्या त्या हॉलमध्ये आम्ही सत्तावीस जण:
अग्निशमनाचे दोघे, काउंटीचे परवाने देणारे नऊ,
पूरखात्याची हालिमा, जिचा फोन सतत थरथरायचा,
कारण ताना नदी प्रशिक्षणासाठी थांबत नाही;
बाकीचे आम्ही, रेघा मारणारे.
मी किसुमूहून आलेलो. नळकांड्यात नव्या इमारतीचे नकाशे,
चर्चेला म्हणून.
मिरवायला, खरं तर.

शिकवायला कुणी प्राध्यापक असेल असं वाटलं होतं.
आली मुम्बुआ न्झियोका,
निवृत्त नर्स, डोळ्यांचा वॉर्ड.
प्रोजेक्टरला तिने हातही लावला नाही.
काडेपेटी उघडली, टेबलावर ठेवली
तांदळाच्या कणीएवढी काच.

"ही एका टायपिस्टच्या डोळ्यातून काढली.
स्फोट खाली रस्त्यावर, ही पाचव्या मजल्यावर.
आधी एक लहान आवाज झाला होता,
तो बघायला ती उठून खिडकीशी गेली.
माणूस आवाजाकडे जातोच.
तुम्ही कागदावर खिडकी काढता ना,
तिथे उठून जाणारं माणूसही काढत जा."

कुणी लिहून घेतलं नाही. पेनं हातातच राहिली.

मग शिकलो: फुलझाडांच्या कुंड्या किती जड असाव्यात
म्हणजे ट्रक अडेल,
कपाट भिंतीला कसं बांधावं,
काचेला आतून कोणतं कातडं चिकटवावं
म्हणजे ती फुटली तरी सुटणार नाही.
मागून कुणी विचारलं, "आणि पैसे?"
अग्निशमनवाला म्हातारा मंदाझी चावत म्हणाला,
"पैसे लागतातच. आधी नाहीतर नंतर.
नंतरच्या पावतीवर नावं असतात."

तिसऱ्या दिवशी माझा नकाशा भिंतीवर.
दार आत उघडतं? म्हातारा ओरडला:
गर्दी लोटली की दारालाच चिकटून मरेल, बाहेर उघडू दे!
हालिमा म्हणाली, बाहेर कमरेएवढं पाणी असेल
तर बाहेर उघडणारं दार हलेल का?
पोलिसांचा मुलगा म्हणाला, दार जितकी कमी तितकं बरं,
येणाऱ्याला अडवायचंय.
जाणाऱ्याचं काय, हालिमा म्हणाली.
तासभर ते तिघं माझ्या दारात उभे राहून भांडले
आणि मी माझ्याच इमारतीत
उपऱ्यासारखा ऐकत राहिलो.

तेवढ्यात मुम्बुआने शिट्टी फुंकली.
"धूर. दिवे गेलेत. निघा."

पुढच्या दारात ती स्वतःच आडवी उभी.
आम्ही मागच्या दाराकडे धावलो,
हसत, एकमेकांना ढकलत, शाळकरी पोरांसारखे.
दाराला साखळी. साखळीला कुलूप.
किल्ली न्याबोकेकडे,
न्याबोके चहाचं दूध आणायला गेलेली.
हसू कुठल्या मिनिटाला थांबलं ते आठवत नाही.
अकराव्या मिनिटाला ती आली, हातात पिशवी,
आणि इतकी माणसं दारापाशी बघून म्हणाली,
"चोर येतात म्हणून लावते."

बरोबरच होतं तिचं.

हॉलचा परवाना भिंतीवर चौकटीत टांगलेला.
तीन दिवस त्याच्याखाली बसून आम्ही चहा प्यायलो.
सही चेरुइयोटची,
दुसऱ्या रांगेतला, सगळ्यात नीट वही ठेवणारा.
तो काही बोलला नाही.
म्हाताऱ्याच्या पेटीतून स्क्रू ड्रायव्हर घेतला,
गुडघ्यांवर बसला,
कडीचा एकेक स्क्रू काढून शर्टाच्या खिशात टाकत गेला.
चौथा गंजलेला होता, फिरेना.
आम्ही सव्वीस जण उभे होतो
त्याची पाठ बघत.

परतीच्या रात्रीच्या बसमध्ये
मी मांडीवर नकाशा पसरून
दुसरं दार कुठे काढावं ते शोधत होतो.
खोडरबराचा चुरा शेजारच्या झोपलेल्या बाईच्या शालीवर.
नाकुरूपाशी बस खड्ड्यात आदळली तेव्हा
वर लक्ष गेलं:
संकटकाळी हातोडीने काच फोडा.
लाल अक्षरं, शेजारी दोन रिकाम्या खुंट्या.

हातोडी नव्हती.