मंद आचेवर

गुन्सानच्या बाजारात ओक्बुनची तेलाची गिरणी.
चाळीस वर्षं तीळ भाजले तिने.
अर्धा श्वास उशीर झाला की तेल कडू उतरतं,
हे तिचं नाक तिच्याआधी जाणायचं.

आज ती स्वतः पाठीवर आडवी,
बाजारावरच्याच दुसऱ्या मजल्यावर,
तोंडाला बधिरतेचं मलम, वर प्लास्टिकचा पापुद्रा,
बर्फावर मांडलेल्या माशासारखी.
बारा तीळ. नर्सने पेन्सिलीने खुणा करत मोजले.
आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द.
तिच्या भाषेत नाही.
कुणी सांगितलं असतं तर हसली असती.

बारावा डाव्या डोळ्याखालचा.
हा रडवणार, सासू म्हणाली होती लग्नात.
रडवलं किती, हिशेब राहिला;
समोर गिऱ्हाईक उभं असायचं.

डोळ्यांवर धातूच्या गार वाट्या.
मग टक्. टक्.
रबर ताणून सोडावं तसं,
मग तापल्या झाऱ्याचं टोक,
मग वास.
"करपलं," ती म्हणाली, सवयीने.
डॉक्टर थांबला.
"दुखतंय का?"
"नाही."

भट्टीच्या पत्र्याने कोपर सोललं, तेव्हाही हेच.
थोरला बोटीवर गेला तो गेलाच,
लोक दारात आले, तेव्हाही हेच.
लोणच्यासारखं मुरलेलं नाही.

नर्स सुल्गी, वय असेल सव्वीस,
तिने हात हातात घेतला. बर्फ हाताळून गारठलेला हात.
"आजी, दुखतं म्हणालात तरी बिल तेवढंच येतं."

ओक्बुनला हसू फुटलं.
"हलू नका," डॉक्टर.
"दुखतंय," ती म्हणाली.
आणि परत एकदा, जरा मोठ्याने,
नवी घाणी चाखावी तशी.

फार काही झालं नाही.
यंत्र मिनिटभर गप्प बसलं.
सुल्गीचा अंगठा तिच्या मनगटावर
तीळभर पुढे, तीळभर मागे.

मग उरलेले पाच. दुखलेच ते.

"दहा दिवस पाणी लागू द्यायचं नाही."
तोंडभर गोल चिकटपट्ट्या.
"आणि रडू आलं तर?"
छापील कागदावर हे नव्हतं.
सुल्गीने कागद उलटून पाहिला, मागेही नव्हतं.
"मान खाली घाला," ती म्हणाली,
"सरळ जमिनीवर पडू द्या."

जिन्यात ओक्बुन थांबली,
कठडा धरला, मान खाली घातली.
पायरीवर एक, मग थोड्या वेळाने दुसरा.
खालून गिरणीचा वास येत होता.
नातवाने आच मोठी ठेवली होती.