हजेरी

एस्तेरमावशीला पक्षी आवडत नसत.
पंख फडफडले की पदर तोंडावर घ्यायची.
तरी रोज सहाला, एक हात गुडघ्यावर,
गेंदालालच्या गच्चीच्या एकतीस पायऱ्या.

आधी मालवा मिल बंद पडली,
मग त्याचं कमरेखालचं अंग.
खाटेवरून त्याला गल्लीतली एक वीजतार दिसायची
आणि तीवर त्याचं एकही कबूतर बसायचं नाही.

नावं त्यानं साचेखात्यातून आणलेली:
ताना, बाना, बॉबिन, जॉबर,
मानेवर निळी झाक असलेला भोंगा.
मावशी खाली येऊन सगळं सांगायची,
बॉबिन कुणाशी भांडली,
जॉबरनं आज कुणाचे दाणे ढापले.
गेंदालाल हसता हसता खोकायचा.

मी दारात, काखेत गीतांची वही, क्वायरला उशीर.
"मावशी, प्रार्थना घरूनही करता येते."
"करतेच की.
पण त्यानं मला कबुतरांचं विचारलं."

उपासकाळात मावशीला कावीळ झाली.
तिची वही माझ्याकडे आली, पेन्सिलीसकट.

पहिल्या दिवशी भराभर मोजलं. सोळा.
सतरा हवी होती.
उतरताना ठरवून टाकलं, सतरा सांगायचं,
म्हाताऱ्याला काय कळतंय.

"सब आ गए?"
तो माझ्या पायांकडे बघत होता,
मावशीच्या चपला घालून गेलो होतो मी,
घाईत.
"एक कम है."
"कौन?"

कोण ते मला सांगता येईना.

पुन्हा एकतीस.
वहीत मावशीचं नर्सचं अक्षर,
इस्पितळातल्या तक्त्यासारखं, प्रत्येकाला एक ओळ:
बाना – उजवा डोळा अधू, दाणे हातावर द्यावे.
ताना – बान्याशिवाय खात नाही.
भोंगा – डाव्या पायात तांबडा दोरा. भित्रा.
उशिरा येतो. थांबावं.

तांबडा दोरा कुणाच्याच पायात नव्हता.
चर्चमध्ये पेटी सुरू झाली,
माझ्या जागी कोण उभं राहिलं असेल
याचा विचार थोडा वेळ केला,
मग बॉबिन खरंच भांडायला लागली
आणि ते बघायचं राहून जाईल असं वाटलं.

परदेशीपुऱ्याकडचं आभाळ काळवंडत गेलं.
खालून खाट करकरली.
"आया क्या?"

"अभी नहीं, दादा," मी ओरडलो,
आणि टाकीला टेकून बसलो,
"बॉबिनचं सांगू का तोवर?"