प्रश्न सतरावा

मी माण तालुक्यातली. पाणी मोजून प्यायलेली.
समुद्र मला बदलीच्या आदेशानं दाखवला.
पहिल्या वर्षी रात्रीच्या भरतीला दचकून उठायचे,
दुसऱ्या वर्षी एम.ए.ला नाव घातलं:
शैक्षणिक मापन, संख्यात्मक पद्धती,
शनिवार-रविवार कुडाळ,
आचऱ्याहून पहिली एस.टी.,
मांडीवर प्रमाण विचलन,
खिडकीत सुरू संपून काजू.

टेंगशे सर फळ्यावर लिहीत:
मिळालेले गुण म्हणजे खरे गुण अधिक त्रुटी.
खडू ठेवत, हात झटकत, आणि म्हणत,
यातले खरे गुण कधीच दिसत नाहीत.
मला ते वाक्य फार आवडलं.
तांदळाच्या डब्यावर चिकटवून ठेवलं.

प्रबंधाची चाचणी मी स्वतः रचली.
चौथीचा वर्ग, खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या सहा शाळा,
एकशे बारा मुलं, तीस प्रश्न.
सतरावा असा:
चाळीस बांगडे आठ जणांत वाटले,
तर प्रत्येकाला किती?
बांगडे मी मुद्दाम घातले होते.
पुस्तकात सफरचंदं होती.

मग आकडे. रात्रीचे, पंख्याखाली,
उत्तरपत्रिकांवर नारळाची करवंटी पालथी.
सतराव्याची काठिण्य पातळी ठीक.
भेदनक्षमता उणे.

उणे म्हणजे हुशार चुकतात
आणि कच्ची बरोबर येतात.
असा प्रश्न काढून टाकावा, एवढंच लिहिलंय पुस्तकात.
काढला की अल्फा पॉइंट एकोणऐंशीचा एक्याऐंशी.
सर फोनवर म्हणाले, काढा, विचार कसला करताय.

पण चुकणारी सगळी एकच चूक करत होती.
चार.
एकतीस कागदांवर चार,
गिचमिड अक्षरात चार, वळणदार अक्षरात चार,
मध्ये अख्खी खाडी असताना
कोणी कोणाचं बघून लिहिलं?

हर्षाली कुबलला बोलावलं. तिसापैकी एकोणतीस,
गेला तो हाच.
ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू वर्गात मीच नवी आले होते.
“बाई, होडयेचो वाटो काढूचो नाय?
आणि जाळ्याचो?”

आठ माणसं. एक होडी. एक जाळं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत किनाऱ्यावर गेले,
वही घेऊन, चपला हातात.
तांडेल ओणवा होऊन वाटे लावत होता,
बोटांत वजनकाटा असल्यासारखा,
इथला एक उचलून तिथे, पुन्हा थोडा विचार.
दहा झाले.
मी वहीत लिहिलं: सप्रमाण.
शाई वाळायच्या आत त्यानं अकरावा लावला,
लहानसा, बाजूला, पालथ्या पाटीच्या आडोशाला.

हा कोणाचा?
“तो मोजूचो नसता.”

थोड्या वेळानं एक बाई आली,
पदरात घेऊन गेली.
कोणी तिच्याकडे बघितलं नाही,
आणि न बघण्यातही सगळ्यांचा सारखा वाटा होता.

चाळीसला अकरानं भाग जात नाही.
वाळूत करून बघितला:
तीन, बाकी सात.
त्या सातांचं काय होतं, मला कोणी सांगितलं नाही.
मी तरी कुठे नमुन्यात होते.

प्रबंधात एकोणतीस प्रश्न आहेत.
सतरावा परिशिष्टात, एका पानावर एकटा.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक तिथेच थांबले.
हा का ठेवलात? चुकीचा होता ना?
म्हटलं, चुकीचं मोजणं माझं होतं, सर.
मग बरोबर उत्तर काय?
म्हटलं, होडी कोणाची, त्यावर आहे.

ते टेंगशे सरांकडे बघून हसले.
पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहिलं,
हातानं झाकून.
मला दिसलं नाही.